छपराखालची जीप

बँकेत होतो तेव्हा मी ट्रॅक्टरच्या किमती काढायचो. कुणाचं कर्ज थकलं, की त्या गावी जायचं, ट्रॅक्टर बघायचा, टायर बघायचे, तास दाखवणारा मीटर बघायचा आणि कागदावर आकडा टाकायचा. त्या कामाचा नियम सरळ होता. नवी गाडी दुकानातून बाहेर पडली की किंमत उतरायला लागते, दरवर्षी उतरत जाते आणि शेवटी लोखंडाच्या भावाला येऊन टेकते. तीस वर्षं हाच हिशेब केला. म्हणून २०२२ साली घरातल्याच एका गाडीची किंमत काढायची वेळ आली, तेव्हा दादाला वाटलं की हे काम मला अर्ध्या तासाचं आहे. मला चार महिने लागले.

गाडी म्हणजे आमच्या आबांची जीप. आबा म्हणजे आजोबा. आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं, पावसाच्या भरवशावरचं. आबा कांदा करायचे, आणि देवळालीच्या छावणीला भाजीपाला पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडं त्यांची ऊठबस होती. १९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराकडं उरलेल्या गाड्या विकायला निघाल्या. त्यातली एक जीप आबांनी घेतली. घरात तिला शेवटपर्यंत ‘डिस्पोजलची जीप’ म्हणत. गाडीच्या पुस्तकावर पहिली नोंद १९४७ ची आहे. केवढ्याला घेतली ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. आबा दरवेळी वेगळा आकडा सांगायचे. पाहुणा सावकार असला तर कमी, व्याही असला तर जास्त.

ती जीप डावखुरी होती. म्हणजे तिचं स्टेअरिंग डाव्या हाताला. अमेरिकन लष्करासाठी बनलेल्या जीपा तशाच असायच्या. आपल्याकडं गाडी रस्त्याच्या डाव्या अंगानं चालते, त्यामुळं डाव्या बाजूला बसलेल्या आबांना पुढच्या मालट्रकच्या पलीकडचं काही दिसायचं नाही. ओलांडून जायचं तर उजव्या बाजूला बसलेल्यानं वाकून बघायचं आणि सांगायचं. हे काम आमच्या आत्याचं. आठ-नऊ वर्षांची होती तेव्हापासून ती आबांच्या उजव्या हाताला बसायची आणि ओरडायची, “जाऊ द्या आबा, मोकळं हाये!” लासलगावला कांद्याचा भाव बघायला जाताना आत्या, सिन्नरला दवाखान्यात बाळंतीण न्यायची तरी आत्या. लग्न होऊन गेली तेव्हा आबा म्हणाले होते म्हणे, की माझा उजवा डोळा गेला.

७२ च्या दुष्काळात त्याच जीपमागं ट्रॉली लावून पाण्याची पिंपं आणलेली मला आठवतात. मी तेव्हा शाळेत होतो. त्यानंतर पेट्रोल महागलं, आणि थोरल्या काकांनी जीपमधलं पेट्रोल इंजिन उतरवून जुनं डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा पुष्कळांनी आपापल्या जीपांना हेच केलं. आमच्या जीपला काही ते मानवलं नाही. गाडी थरथरायची, गिअर अडकायचे. १९७७ मध्ये आबा गेले आणि काकांनी जीप गोठ्यामागच्या पत्र्याच्या छपराखाली लावली. पंचेचाळीस वर्षं ती तिथंच उभी होती. तिच्या मागच्या बाकांवर कोंबड्या अंडी घालायच्या.

आता दादाला त्या जागी कांदाचाळ बांधायची होती. दादा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. गावची शेती तोच बघतो. त्यानं भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाल्यानं जीपभोवती एक फेरी मारली आणि २६,००० सांगितले. हिशेब त्याचा बरोबर होता. अशी जीप वजनाला हजार किलोच्या आतबाहेर भरते. तीस रुपये किलोनं तीस हजार. त्यातून तोडायची मजुरी आणि टेम्पोभाडं वजा. दादा तयार झाला.

अडलं ते सहीवर. पुस्तकावर नाव आबांचं. मालक वारला की वारसानं फॉर्म ३१ भरून गाडी आधी आपल्या नावावर करून घ्यायची असते, आणि त्यासाठी बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. वारस आम्ही तीन घरचे. दादा थोरल्या काकांचा, मी आणि माझी बहीण धाकट्याची, आणि आत्या. जमिनीच्या वेळी आत्यानं हक्कसोड लिहून दिली होती. एक रुपया न घेता, साडी-चोळीवर. दादानं गृहीत धरलं की जीपचंही तसंच होईल. त्यानं फोन केला, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या म्हणाली, “सही देते ना. पण आधी किंमत सांगा. भंगाराची नको, खरी सांगा.”

दादाला ते लागलं. मला म्हणाला, “जमिनीला नाही म्हटली नाही अन् या सांगाड्याला किंमत विचारती. तू बँकेतला, तूच काढ बाबा किंमत. तू सांगशील तो आकडा तिला मान्य होईल.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा आकडा साधा नाही. मी कमी सांगितला, तर दादा त्या भावात जीप घरातच ठेवून उद्या दुप्पट भावानं विकू शकतो, आणि आत्याच्या मनात ते कायमचं राहणार. जास्त सांगितला आणि तेवढं गिऱ्हाईक मिळालंच नाही, तर दादाची चाळ रखडणार आणि दोष आत्यावर येणार. म्हणून ठरवलं की आकडा असा काढायचा, की त्यातली प्रत्येक पायरी दोघांपुढं मांडता आली पाहिजे.

पहिली पायरी, गाडी नेमकी कोणती. ‘जुनी जीप’ एवढ्यानं काही ठरत नाही. आपल्याकडं खेड्यापाड्यांत ज्या जुन्या जीपा दिसतात त्या बहुतेक महिंद्राच्या, उंच बोनेटच्या. त्या पुढच्या काळात इथंच बनलेल्या. त्यांच्या तोंडावरच्या जाळीला सात उभ्या खाचा असतात. युद्धातल्या जीपला नऊ. मी आमच्या जीपसमोर बसून बोटानं मोजल्या. नऊ भरल्या. युद्धातल्या जीपाही दोन कारखान्यांच्या, विलीजच्या आणि फोर्डच्या. दोन्ही मिळून सहा लाखांवर बनल्या. वरून दिसायला जुळ्या बहिणी. फरक बघायचा तो बोनेटखाली, रेडिएटरच्या खालच्या आडव्या दांडीत. विलीजची दांडी नळीसारखी गोल, फोर्डची उलट्या पन्हळीसारखी. आमची गोल निघाली. डाव्या चासीच्या पट्टीला आतून, बंपरच्या मागं, रिव्हेट मारलेली एक छोटी पट्टी होती. रॉकेलच्या बोळ्यानं हळूच पुसली तर नंबर उमटला. पुस्तकातल्या चासी नंबराशी ताडून पाहिला. तंतोतंत.

बैलबाजारात दात बघतात तसंच हे. घोटीच्या बाजारात मी लहानपणी आबांबरोबर जायचो. बैल कितीही तुकतुकीत दिसला तरी आबा आधी त्याचा जबडा उघडायचे. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, हे कळल्याशिवाय रुमालाखाली हात घालायचे नाहीत. दलाल बोटं दाबून भाव सांगतो, पण दात बघितलेले असले तरच त्या बोटांना अर्थ.

दुसरी पायरी, काय शाबूत आहे आणि काय गेलंय. याच दिवसांत दादाचा मुलगा नाशिकहून सुट्टीला आला. पोरगा हौशी. म्हणाला, “काका, आपण ही मस्त धुऊन काढू. लांबी भरून लाल रंग मारू, पुढं मोठा बंपर लावू. मग बघा गिऱ्हाईकं कशी येतात.” त्यानं फवारणीचा पंप काढलासुद्धा होता. मी पंप हातातून घेतला.

त्याला समजावून सांगावं लागलं. नवा रंग दिसला की जाणकार गिऱ्हाईक आधी विचारतो, याच्याखाली काय झाकलंय? पत्र्याच्या भोकात लांबी भरून वर रंग मारलेली गाडी म्हणजे शिंगं तासून वय लपवलेला बैल. गंज उघडा असला तर तो मोजता येतो, झाकला तर घेणारा दुप्पट धरतो. शिवाय जे मूळचं आहे ते एकदा खरवडलं की पुन्हा मिळत नाही. मी बोनेटचा एक कोपरा ओल्या फडक्यानं पुसला. वर काकांनी मारलेला निळा, त्याचे पोपडे उडालेले. त्याच्याखाली करडा. आणि सगळ्यात खाली लष्करी हिरवा, त्यावर पांढऱ्या आकड्यांची पुसट कड. पोरगा बघतच राहिला. त्यानंतर आठ दिवस तो जीपजवळ कुणाला फिरकू देईना. कोंबड्यांनाही नाही.

मग यादी केली. पत्र्याची तळी दोन ठिकाणी कुजलेली, त्यातलं एक भोक ड्रायव्हरच्या पायाखाली. डावीकडचं मागचं चाक बदललेलं. काच दुमडायची चौकट मूळची. बाजूच्या मुठी चारही जागेवर. हेडलाइटचे दिवे मागं उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडायची जी बिजागरी असते, ती एका बाजूला शाबूत, दुसरीकडं तारेनं बांधलेली. चासी सरळ, पण डिझेल इंजिन बसवताना काकांच्या मिस्त्रीनं मूळचे दोन टेकू गॅसनं कापून नवे जोडलेले. हे कापलेले टेकू मी यादीत लाल शाईनं लिहिले.

सगळ्यात मोठा प्रश्न मूळ इंजिनाचा होता. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठी फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिची विंटेज म्हणून वेगळी नोंद होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली असल्या कारणांपुरती काढायची. म्हणजे हौशी माणसाला डिझेल इंजिनाची जीप नकोच असणार. मूळ इंजिन नसेल तर त्याला ते शोधत फिरावं लागणार, आणि तो खर्च तो आमच्या किमतीतून कापणार.

दादा म्हणाला, “ते इंजिन तर कधीच विकलं असंल बापानं.” मीही तेच धरून चाललो होतो. संध्याकाळी जेवताना विषय निघाला, तर काकू, दादाची आई, भाकरी थापता थापता म्हणाली, “कुठं विकलं? विहिरीवरच्या खोलीत हाये की. आबा म्हणायचे, असू दे, लागंल कधीतरी. त्याच्यावर मी बियाण्याची पोती ठेवते. खाली वाळवी लागत नाही.”

आम्ही तिघं बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो. पोती बाजूला केली. खाली गोणपाटात गुंडाळलेलं, तेलात काळं झालेलं इंजिन, चार सिलिंडरचं. तेलाच्या फिल्टरजवळच्या सपाट जागी नंबर, सुरुवात ‘एमबी’. पुस्तकातला इंजिन नंबरही हाच. डिझेल इंजिनाची नोंद काकांनी पुस्तकात कधी चढवलीच नव्हती. त्या काळात तो आळस म्हणायचा. आता त्या आळसामुळं गाडी, इंजिन आणि कागद तिघांचं एकमेकांशी जुळत होतं.

तिसरी पायरी, बाजार. पोराच्या ओळखीनं एक गॅरेजवाला आला. जीपकडं न बघता त्यानं पुस्तक मागितलं. पानं उलटली आणि म्हणाला, “सत्तर हजार. गाडी तुम्हीच ठेवा पाहिजे तर.” त्याला जुने कागद हवे होते, भलत्याच गाडीला चिकटवायला. दादाचा चेहरा क्षणभर खुलला. सव्वीसचे सत्तर, आणि वर भंगार आपलंच. मी म्हटलं, “दादा, हा आबांच्या नावाचा कागद आहे. उद्या त्या नंबराची गाडी कुठं सापडली तर पोलीस आबांना शोधत आपल्या ओट्यावर येतील.” गॅरेजवाला चहा पिऊन गेला. पण त्यानं एक गोष्ट शिकवली. कागदाचीच किंमत सत्तर हजार असेल, तर कागदासकट गाडीची त्याहून खूप वर असलीच पाहिजे.

मग तयार, चालू, सजवलेल्या युद्धकाळातल्या जीपा काय भावानं जातात याची चौकशी केली. कुणी १५ लाख सांगायचं, कुणी ६. कांदा पिकवणाऱ्या माणसाला याचं कोडं पडू नये. बाजार समितीचा भाव छापून येतो तेव्हा तीन आकडे असतात, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. जास्तीत जास्त भाव एखाद्याच ढिगाला मिळालेला असतो. पण गावात पारावर बोलताना प्रत्येक जण तोच सांगतो आणि आपला कांदा त्याच भावानं जाणार असं धरून चालतो. जीपचंही तसंच. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. ज्यांनी खरोखर विकल्या किंवा घेतल्या अशा चार जणांशी बोललो. त्यांच्या बोलण्यातून सरासरी ९ लाखांच्या आसपास बसली.

चौथी पायरी, ती जीप तिथपर्यंत न्यायला काय लागेल. सिन्नरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन आलो. त्यानं हयात जीपांत घालवली. गुडघ्याचा त्रास असूनही तो जमिनीवर आडवा झाला आणि हातोडीनं टकटक करत सगळी चासी वाजवली. “आवाज खणखणीत हाये. हाड चांगलं हाये हिचं,” म्हणाला. मग एकेक बाब सांगत गेला, मी लिहीत गेलो. इंजिन उघडणं, बोअर, पिस्टन, बेअरिंग. गिअरबॉक्स. ब्रेक पूर्ण नवे. वायरिंग पूर्ण नवं, तेही सहा व्होल्टचं. रेडिएटर. सोळा इंची पाच टायर. तळाचा पत्रा. कापलेले टेकू मूळच्या मापानं बनवून जोडणं. सीटा, हूड, रंग. आणि त्याची मजुरी, वर्षभराची. बेरीज साडेचार लाख.

“आणि उघडल्यावर अजून काय निघेल?” मी विचारलं.

“ते देवाला ठाऊक. पाचातला एक रुपया जास्तीचा धरा.”

आता पायऱ्या जुळल्या. रात्री मी कागदावर हिशेब मांडला. तयार गाडीची सरासरी ९,००,०००. त्यातून दुरुस्ती ४,५०,००० वजा. उघडल्यावर निघणाऱ्या भानगडींचे पाचातला एक, म्हणजे ९०,००० वजा. राहिले ३,६०,०००. घेणारा वर्षभर पैसा अडकवणार, हेलपाटे घालणार, आणि शेवटी ती चालली नाही तर नुकसान त्याचं. त्याचे ६०,००० वजा. राहिले ३,००,०००. शिवाय नोंद संगणकावर चढवायचं आणि वारसाच्या नावाचं काम आम्ही केलं तर थोडं वर, त्यानं केलं तर थोडं खाली. म्हणून कागदाच्या तळाशी लिहिलं: अपेक्षा तीन लाख, अडीचच्या खाली देऊ नये.

हा हिशेब लिहिताना मला बँकेतल्या कामातला फरक कळला. ट्रॅक्टरची किंमत काढताना मी नेहमी वरून खाली यायचो, नव्या किमतीतून दरवर्षीची झीज काढत. इथं नव्या किमतीचा पत्ताच नव्हता. पुढं जी होईल त्या गाडीच्या किमतीपासून मागं यायचं होतं. झीज वर्षांनी ठरत नव्हती, कुणी काय कापलं, काय टाकून दिलं, यावर ठरत होती. आणि लोखंडाचा भाव हा शेवट नसून फक्त तळ होता. बहुतेक गाड्या त्या तळाला जाऊन तिथंच वितळतात. थोड्या उरतात, त्यांची किंमत पुन्हा चढते. उरण्याला कारण लागतं. आमच्या जीपला कारण होतं ते छप्पर.

दादाला कागद वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तीन लाख मिळाले तर आत्याला एक लाख. बरोबर आहे, तिचं आहे ते. पण एक सांग, पंचेचाळीस वर्षं हे छप्पर कुणी शाकारलं? दोनदा वादळात पत्रे उडाले, कुणी बसवले? तुम्ही सगळे शहरात होता. ही भिजली असती तर तुझ्या त्या मिस्त्रीच्या हातोडीला कसला खणखणीत आवाज आला असता?”

दादाचं खरं होतं, आणि हे माझ्या कागदावर नव्हतं. मी त्याच्यासमोरच एक ओळ वाढवली: जी रक्कम येईल तिच्यातून आधी ४०,००० छपराचे, दादाला. उरलेले तीन वाटे. मग आत्याला फोन लावला आणि पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. तिनं मध्ये दोनदा थांबवलं. एकदा नऊ खाचांच्या वेळी, “मला माहिती होत्या, मी त्यात बोटं घालून बसायचे,” म्हणाली. दुसऱ्यांदा छपराच्या ओळीला. “चाळीस कमी होतात का रे त्याला?” मी म्हटलं, “आत्या, तूच सांग.” ती म्हणाली, “असू दे. बरोबर आहे. आणा कुठं सही करायची ते.”

गिऱ्हाईक पुण्याचं मिळालं. लष्करी गाड्या गोळा करणारे एक गृहस्थ. सकाळी आठला आले आणि दुपारी दोनपर्यंत जीपच्या खाली-वर करत होते. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “धुतली नाहीत ना?” पोरानं छाती पुढं काढून सांगितलं, “नाही.” बोनेटवरच्या पुसट आकड्यांचे त्यांनी फोटो काढले. विहिरीवरचं इंजिन बघून खाली बसले. हँडल घालून हलक्या हातानं फिरवून पाहिलं, जरासं हललं. जाम झालेलं नाही, एवढं बघून त्यांचा चेहरा बदलला. तो त्यांनी लगेच सावरला. माणूस बाजारातला होता.

पहिली बोली त्यांनी २,२५,००० ची केली. कापलेले टेकू दाखवले, कुजलेली तळी दाखवली. मी माझी यादी पुढं केली. त्यात ते सगळं आधीच लिहिलेलं होतं, लाल शाईत. आपणच दोष लिहून दिले की समोरच्याला ते पुन्हा मोजता येत नाहीत. दादानं भाव साडेतीन लाख सांगितला. घासाघीस झाली, चहा झाला, काकूनं पिठलं-भाकरी वाढली. शेवटी ३,१०,००० वर हात मिळवले. वारसाच्या नावाचं आणि नोंदीचं काम आम्ही पुरं करून द्यायचं, गाडी त्यानंतर न्यायची, पैसे बँकेतून.

आलेल्या रकमेतून दादाचे चाळीस हजार काढले. उरले २,७०,०००. प्रत्येक घराला नव्वद. माझ्या वाट्याचे मी आणि बहिणीनं अर्धे अर्धे केले. आत्याच्या खात्यावर नव्वद हजार जमा झाले त्या दिवशी तिचा दादालाच फोन आला, मला नाही. दोघं अर्धा तास बोलले. काय बोलले ते दादानं सांगितलं नाही. पण दिवाळीला ती गावी आली, हक्कसोडीनंतर पहिल्यांदा मुक्कामाला राहिली. त्या पैशातून तिनं डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. दादा म्हणाला, “कोणता डोळा गं आत्या?” ती म्हणाली, “उजवाच. दुसरा कोणता?”

जीपच्या जागी आता पंचवीस टनांची कांदाचाळ उभी आहे. आजूबाजूच्या गावांत ही गोष्ट पसरली. हल्ली कुणाच्या पडवीत जुनी मोटारसायकल असो, कुणाच्या वाड्यात चाकं नसलेली फियाट असो, मला बोलावणं येतं. “तुम्ही फक्त बघून आकडा सांगा,” म्हणतात. मी आकडा सांगत नाही. पायऱ्या सांगतो. धुऊ नका, रंगवू नका. पुस्तक शोधा आणि नंबर ताडून बघा. जे मोडलंय ते स्वतःच्या हातानं कागदावर लिहा. जास्तीत जास्त भाव विसरा, सरासरी धरा. वारसांची नावं लिहा आणि त्यात लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं आधी लिहा. आणि एखादा भाग सापडत नसेल, तर विकला असेल असं म्हणण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. पोती कशावर ठेवली आहेत ते तिलाच ठाऊक असतं.